मासे सुटे पाठवायचे की टोपलीत? जॅक्स-बी ॲनोटेशननं लिस्टचं एक्सएमएल करायची पद्धत

मालवणला माझ्या काकांची बोट आहे. प्रत्येक खेपेला काय मासळी आली, किती किलो आली याची वही इतकी वर्षं तांडेल (बोटीवरचा मुख्य खलाशी) लिहायचा, आणि मागच्या सीझनला माल घेणाऱ्या कंपनीनं सांगितलं की आता वही नको, एक्सएमएल फाइल पाठवा. घरात जावा येणारा मी एकटाच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. मला वाटलं दोन संध्याकाळी होईल. झालंही. फाइल गेली, कुठे एरर नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन की तुमच्या खेपेत मासळी शून्य दिसतेय. काकांना सांगितलं तर ते चहा पिता पिता म्हणाले, "म्हावरा असाच सुटा धाडलंस काय रे? टोपली खंय असा?" ते बोलले मस्करीत, पण फाइलमध्ये अक्षरशः तेच झालं होतं. समोरच्या प्रोग्रामला मासे टोपलीत हवे होते आणि मी सुटे टाकले होते.

कॉलेजमधून नुकतं बाहेर पडून पहिल्यांदा हे काम करणारी पोरं इथेच अडकतात, म्हणून नीट पहिल्यापासून लिहितो. एक आधीच सांगून ठेवतो, ॲनोटेशनची (म्हणजे क्लासवर किंवा फील्डवर @ लावून लिहायच्या खुणांची) नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आणि मध्ये जागा सोडून लिहितोय, कोडमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनं आणि सगळी जोडून टाइप करायची. टॅगची नावं मात्र मी खरोखरच देवनागरीत ठेवलीत, एक्सएमएलला ते चालतं.

आधी जावाची आवृत्ती बघा

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. जॅक्स-बी म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये आणि एक्सएमएल परत ऑब्जेक्टमध्ये करणारी लायब्ररी. ती जावा 6 पासून जावाच्या आतच यायची, त्यामुळे जुन्या ट्युटोरियलमध्ये "काही इन्स्टॉल करायला नको" असं लिहिलेलं असतं. जावा 9 ला ती काढणार म्हणून जाहीर झालं आणि 2018 मध्ये जावा 11 आलं तेव्हा ती खरंच काढून टाकली. म्हणजे आज नवीन जावावर तुम्हाला मेव्हनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररी आणून देणारं टूल) दोन डिपेंडन्सी स्वतः टाकाव्या लागतात, एक एपीआयची आणि एक रनटाइमची. नुसती एपीआय टाकली तर कोड कंपाइल होतो आणि चालवताना पडतो, कारण काम करणारा माणूसच नाही, नुसती नावाची पाटी आहे.

त्यात आणखी एक भानगड. जॅक्स-बीच्या आवृत्ती 3 पासून पॅकेजचं नाव बदललं, आधी जावाएक्स नं सुरू व्हायचं ते आता जकार्ता नं सुरू होतं. क्लासवर जुन्या पॅकेजची ॲनोटेशन आणि रनटाइम नवीन, असं झालं की रनटाइमला ती ॲनोटेशन दिसतच नाहीत, आणि तो तुम्हालाच विचारतो की रूट एलिमेंटचं ॲनोटेशन का नाही लावलं. तुम्ही स्क्रीनकडे बघता, लावलेलं तर आहे! मी यात एक अख्खी दुपार घालवलीय. इम्पोर्टच्या ओळी बघा, सगळ्या एकाच घराण्यातल्या पाहिजेत.

दोन क्लास

आपल्याला हव्यात दोन गोष्टी, खेप आणि मासळी. खेपेत बोटीचं नाव, खेपेचा नंबर आणि मासळीची लिस्ट. मासळीत जात आणि किलो.

@एक्सएमएल रूट एलिमेंट(नेम = "खेप")
@एक्सएमएल ॲक्सेसर टाइप(फील्ड)
पब्लिक क्लास खेप {
    @एक्सएमएल ॲट्रिब्यूट
    प्रायव्हेट इंट नंबर;
    प्रायव्हेट स्ट्रिंग बोट;
    प्रायव्हेट लिस्ट<मासळी> मासळ्या = न्यू ॲरे लिस्ट<>();
}

@एक्सएमएल ॲक्सेसर टाइप(फील्ड)
पब्लिक क्लास मासळी {
    प्रायव्हेट स्ट्रिंग जात;
    प्रायव्हेट बिग डेसिमल किलो;
}

रूट एलिमेंट फक्त सगळ्यात बाहेरच्या क्लासला लागतं. मासळीला नाही लावलं तरी चालतं, कारण ती खेपेच्या पोटात जाते. पुष्कळ जण मासळीवर रूट एलिमेंट लावून त्यात नाव बदलतात आणि मग म्हणतात लिस्टमध्ये नाव का नाही बदललं, तर ते नाव मासळी एकटी बाहेर पडली तरच वापरलं जातं. लिस्टमधलं नाव लिस्टच्या फील्डवर ठरतं.

दुसरी ओळ, ॲक्सेसर टाइप, ही विसरायची नाही. ती नसेल तर जॅक्स-बी पब्लिक गेटर-सेटरच्या जोड्या बघतो. तुम्ही ॲनोटेशन लावलं प्रायव्हेट फील्डवर, त्याला दिसला गेटर पण आणि फील्ड पण, दोघांचं नाव एकच, मग तो ओरडतो की या क्लासला एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी आहेत. नवख्यांना सगळ्यात जास्त वेळा येणारा एरर हाच असेल असं माझं मत. वर फील्ड लिहून टाकलं की तो फक्त फील्ड बघतो, विषय संपला. काही लोक गेटरवरच ॲनोटेशन लावतात, तेही बरोबर आहे, पण एका क्लासमध्ये अर्धं इथे अर्धं तिथे करू नका.

आणि प्रत्येक क्लासला काहीही न घेणारा कन्स्ट्रक्टर पाहिजे. तुम्ही जात आणि किलो घेणारा कन्स्ट्रक्टर लिहिलात की जावा फुकट देते तो रिकामा कन्स्ट्रक्टर गायब होतो, मग तो हातानं लिहायचा.

काही न सांगता काय येतं

वरचा कोड असाच चालवला तर हे येतं:

<खेप नंबर="17">
  <बोट>सागरकन्या</बोट>
  <मासळ्या>
    <जात>बांगडा</जात>
    <किलो>42.5</किलो>
  </मासळ्या>
  <मासळ्या>
    <जात>सुरमई</जात>
    <किलो>18</किलो>
  </मासळ्या>
</खेप>

बघा नीट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की मासळ्या ही टोपली आहे. नाही. लिस्टमध्ये दोन आयटम आहेत म्हणून मासळ्या दोनदा आलंय, म्हणजे एका बांगड्यालाच आपण "मासळ्या" म्हणतोय, अनेकवचनात. टोपली नाहीच आहे, मासे ओट्यावर सुटे पसरलेत. जॅक्स-बीची सवयच अशी की लिस्ट म्हटली की फील्डचं नाव घेऊन तेवढ्या वेळा टॅग छापायचा.

एका आयटमचं नाव सुधारायला एक्सएमएल एलिमेंट:

@एक्सएमएल एलिमेंट(नेम = "मासळी")
प्रायव्हेट लिस्ट<मासळी> मासळ्या;

आता प्रत्येक आयटम मासळी या टॅगमध्ये येईल, पण अजून सुटाच. मी हेच करून फाइल पाठवली होती.

टोपली, म्हणजे एलिमेंट रॅपर

@एक्सएमएल एलिमेंट रॅपर(नेम = "टोपली")
@एक्सएमएल एलिमेंट(नेम = "मासळी")
प्रायव्हेट लिस्ट<मासळी> मासळ्या = न्यू ॲरे लिस्ट<>();

आणि येतं:

<खेप नंबर="17">
  <बोट>सागरकन्या</बोट>
  <टोपली>
    <मासळी>
      <जात>बांगडा</जात>
      <किलो>42.5</किलो>
    </मासळी>
    <मासळी>
      <जात>सुरमई</जात>
      <किलो>18</किलो>
    </मासळी>
  </टोपली>
</खेप>

रॅपरचं नाव टोपलीला आणि एलिमेंटचं नाव आतल्या माशाला. हे उलटं लावणारे खूप आहेत, मी पण लावलंय. रॅपर फक्त लिस्ट, सेट, ॲरे अशा अनेक वस्तू ठेवणाऱ्या फील्डवर लागतो, एकट्या स्ट्रिंगवर लावून उपयोग नाही.

आता कोणी विचारेल की सुटे बरे की टोपलीत बरे. समोरच्यानं स्कीमा (फाइलचा ठरलेला आराखडा) दिलाय तर प्रश्नच नाही, तो म्हणेल तसं. तुमच्या हातात असेल तर मी टोपली घेईन, त्याला कारण आहे. एकाच खेपेत दोन लिस्ट असतात, समजा एक विकलेली मासळी आणि एक घरी नेलेली, दोन्हीत टॅगचं नाव मासळी. सुट्या टाकल्या तर परत वाचताना कुठली कुणाची कसं कळणार? दोन टोपल्या वेगळ्या नावाच्या केल्या की गोंधळ नाही.

दुसरं कारण रिकामी टोपली. बोट गेली आणि काहीच मिळालं नाही, असे दिवस असतातच. लिस्ट रिकामी असेल आणि रॅपर असेल तर फाइलमध्ये <टोपली/> असं रिकामं टॅग येतं. लिस्ट नल असेल तर टोपलीच येत नाही. म्हणजे "गेलो होतो, मिळालं नाही" आणि "अजून मोजलंच नाही" यातला फरक फाइलमध्ये टिकतो. सुट्या पद्धतीत दोन्हीकडे सारखंच दिसतं, काहीच नाही. नल असतानाही टोपली दाखवायची असेल तर रॅपरला निलेबल ट्रू देता येतं, तेव्हा टॅग येतं आणि त्यावर ही नल आहे अशी खूण येते.

मग समोर एरर का आला नाही?

मला सगळ्यात राग याचाच आला. माझी चूक होती ठीक आहे, पण समोरचा प्रोग्राम निदान ओरडायला हवा होता. तर जॅक्स-बी वाचताना ओळखीचं नसलेलं टॅग गुपचूप सोडून देतो. टोपली शोधली, नाही मिळाली, मासळी टॅग खेपेच्या आत थेट मिळालं पण ते त्याच्या यादीत नाही, सोडून दिलं. शेवटी रिकामी लिस्ट आणि सगळं छान.

म्हणून शिकत असताना अनमार्शलरवर (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट बनवणारा) इव्हेंट हँडलर लावून ठेवा, डिफॉल्ट व्हॅलिडेशन इव्हेंट हँडलर नावाचा तयार मिळतो. तो लावला की अनोळखी टॅगवर वाचणं तिथेच थांबतं आणि कुठल्या ओळीवर काय आलं ते सांगतं. हे एक केलं असतं तर तो फोन आलाच नसता. तुमचा प्रोग्राम लिहिणारा असो की वाचणारा, स्वतः लिहिलेली फाइल स्वतःच परत वाचून किती मासळी आली ते मोजून बघायची टेस्ट पाच ओळींची आहे, पण नुसती आपलीच फाइल आपणच वाचून पुरत नाही हां, कारण दोन्हीकडे तीच चूक असेल तर ती जुळतेच. समोरच्यानं दिलेली नमुना फाइल वाचून बघायची.

चालवायचं कसं

जॅक्स-बी काँटेक्स्ट तयार करायचा, त्याला खेप क्लास सांगायचा, त्याच्याकडून मार्शलर (ऑब्जेक्टचं एक्सएमएल लिहिणारा) घ्यायचा, फॉर्मॅटेड आउटपुट ट्रू करायचं म्हणजे सगळं एका ओळीत येत नाही, आणि मार्शल म्हणायचं. काँटेक्स्ट बनवायला वेळ लागतो, तो एकदाच बनवून ठेवा, अनेक थ्रेडमध्ये वापरला तरी चालतो. मार्शलर आणि अनमार्शलर मात्र थ्रेडमध्ये वाटून घेऊ नका, दर वेळी नवीन घ्या, ते स्वस्त आहेत.

खेप न बनवता थेट लिस्टच मार्शलरला देऊन बघायचा मोह होतो. ॲरे लिस्टला रूट एलिमेंट नाही, तो नकार देतो. बाहेर एक क्लास लागतोच.

एका टोपलीत वेगवेगळा माल

बांगडा किलोवर जातो, पण मोठ्या कुर्ल्या आम्ही नगावर मोजतो. म्हणजे माल हा बेस क्लास, त्याचे किलोमाल आणि नगमाल असे दोन पोरगे, आणि लिस्ट बेस क्लासची. असंच सोडलं तर जॅक्स-बीला बेस क्लासच माहीत असतो. त्याला लिस्टवरच सांगायचं:

@एक्सएमएल एलिमेंट रॅपर(नेम = "टोपली")
@एक्सएमएल एलिमेंट्स({
    @एक्सएमएल एलिमेंट(नेम = "किलोमाल", टाइप = किलोमाल.क्लास),
    @एक्सएमएल एलिमेंट(नेम = "नगमाल", टाइप = नगमाल.क्लास)
})
प्रायव्हेट लिस्ट<माल> माल;

टॅगच्या नावावरून वाचताना तो बरोबर क्लास बनवतो आणि लिस्टमधला क्रमही टिकतो, आधी बांगडा मग कुर्ली मग परत बांगडा असं असलं तरी. दुसरा रस्ता एक्सएमएल एलिमेंट रेफ चा, त्यात नावं लिस्टवर न लिहिता प्रत्येक पोराच्या क्लासवर रूट एलिमेंट लावायचं आणि तिथलं नाव वापरलं जातं. पोरं दोनच असतील तर मला पहिला बरा वाटतो, सगळं एका ठिकाणी दिसतं. तिसरा एक्सएमएल सी ऑल्सो चा रस्ता आहे, त्यात टॅग एकच राहतं आणि त्यावर टाइपचं ॲट्रिब्यूट येतं, पण समोरचा जावावाला नसेल तर तो त्या ॲट्रिब्यूटकडे बघून वैतागतो.

आमच्याकडची नावं

काका सुरमईला इसवण म्हणतात आणि पापलेटला सरंगो. कंपनीला सुरमई आणि पापलेट हवं. जात ही स्ट्रिंग न ठेवता इनम करा आणि प्रत्येक व्हॅल्यूवर एक्सएमएल इनम व्हॅल्यू लावून फाइलमध्ये काय छापायचं ते सांगा, कोडमध्ये तुमचं नाव, फाइलमध्ये त्यांचं. इथेही तीच गुपचूपगिरी, इनममध्ये नसलेलं नाव वाचताना आलं तर एरर नाही, नल येतो. वरच्या हँडलरवर इथे विसंबू नका.

बारीकसारीक, पण अडतं

साध्या आकड्यांची लिस्ट असेल, समजा क्रेटची वजनं, तर प्रत्येकाला टॅग नको वाटतं. एक्सएमएल लिस्ट लावा, मग <वजनं>22 24 21</वजनं> असं एका टॅगमध्ये जागा सोडून येतं. आकड्यांना उत्तम. नावांना लावू नका, "लाल कोळंबी" लिहिलंत की वाचताना लाल वेगळी आणि कोळंबी वेगळी होते.

मॅप असेल, जातीप्रमाणे भाव वगैरे, तर आपोआप एंट्री, की, व्हॅल्यू असे इंग्रजी टॅग येतात. ते बदलायचे तर एक्सएमएल ॲडॅप्टर लिहावा लागतो, म्हणजे मॅपचा, आत लिस्ट असलेला, ऑब्जेक्ट करून देणारा आणि त्याचा परत मॅप करणारा एक छोटा क्लास, मग फील्डवर एक्सएमएल जावा टाइप ॲडॅप्टर लावायचं. तारखेसाठी लोकल डेट वापरत असाल तर तिथेही ॲडॅप्टरच, जॅक्स-बीला ती आपणहून जमत नाही.

सेट वापरत असाल तर लक्षात ठेवा, फील्ड नुसतं सेट म्हणून असेल तर वाचताना हॅश सेट बनतो आणि मासळीचा क्रम गेला. क्रम हवा तर लिस्टच घ्या.

मासळीमध्ये "मी कुठल्या खेपेची" असं उलटं फील्ड ठेवलं असेल तर खेपेत मासळी, मासळीत खेप, खेपेत मासळी असं फिरत राहतं आणि तो सायकल सापडली म्हणून थांबतो. उलट्या फील्डवर एक्सएमएल ट्रान्झियंट लावा. वाचल्यावर ते परत भरायचं असेल तर मासळीत आफ्टर अनमार्शल नावाची मेथड लिहा, जॅक्स-बी ती स्वतः बोलावतो आणि पालक ऑब्जेक्ट हातात देतो.

आणि गेटरमधून न बदलता येणारी लिस्ट परत देऊ नका. गेटरवर ॲनोटेशन असतील तर वाचताना तो त्याच लिस्टमध्ये माल भरायला जातो.

देवनागरी

फाइल उघडली आणि सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर दोष जॅक्स-बीचा नसतो. तो डिफॉल्ट यूटीएफ-8 च लिहितो, पण तुम्ही त्याला फाइल रायटर दिला असेल तर अक्षरं तो रायटर ठरवतो, आणि विंडोजवर जावा 18 च्या आधी तो विंडोजचं एन्कोडिंग घ्यायचा. वर फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-8 लिहिलेलं आणि आत भलतंच. मार्शलरला थेट फाइल किंवा आउटपुट स्ट्रीम द्या.

टॅगच्या नावात एक अक्षर मात्र टाळा, ॲ. या लेखात ते दर दोन ओळींनी आलंय आणि मजकुरात ते खुशाल चालतं, पण टॅगच्या नावात कुठली अक्षरं चालतील याची एक्सएमएल 1.0 मध्ये आधी ठरलेली यादी होती आणि त्या यादीत हे नंतर युनिकोडमध्ये आलेलं अक्षर नव्हतं. 2008 च्या पाचव्या आवृत्तीत नियम सैल केले, पण जुन्या यादीवर चालणारे पार्सर अजून आहेत आणि ते अशा टॅगवर फाइल परत पाठवतात. मी एका टॅगला "ॲडव्हान्स" नाव दिलं होतं, खलाशांना आधी दिलेल्या पैशांसाठी. आता ते "उचल" आहे, आणि तांडेल वहीतही तेच लिहायचा.